खिडकीतला कोरा फुगा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. डाव्या हाताला तीन उंच खिडक्या, त्यांतून दुपारचं ऊन तिरकं आत आलेलं. भिंती नुकत्याच पांढऱ्या केलेल्या, तरी जुन्या खिळ्यांची भोकं रंगाखालून डोकावतायत. कोपऱ्यात घडी घालून उभं केलेलं टेबल टेनिसचं टेबल. मधोमध जमिनीवर पत्र्याची एक ट्रंक, आणि ट्रंकेभोवती तीन माणसं. तिघांचीही तोंडं पडलेली.

ही खोली म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला. कधीकाळी इथे शिवणाचे वर्ग चालायचे, मग टेबल टेनिस आलं, आणि आता ग्रंथपाल बाईंनी हट्टाला पेटून तिचं कलादालन केलं होतं. बाई पंचेचाळिशीच्या. चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा घरभर शोधणाऱ्या. त्यांच्या शेजारी उकिडवा बसलेला फ्रेमवाला. आणि तिसरे अण्णा. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर निबेने पाडलेला घट्टा. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली, पण घट्टा काही निवृत्त झाला नव्हता.

ट्रंक आली होती चित्रकाराच्या पुतण्याकडून. चित्रकार दोन वर्षांपूर्वी गेला. एका खोलीत, एका दिव्याखाली तो आयुष्यभर एकटा राहिला, आणि सतरा वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात ‘शिडीवाले तात्या’ ही चार चौकटींची चित्रमालिका काढत राहिला. पहिल्या चौकटीत तात्या खांद्यावर शिडी टाकून काहीतरी दुरुस्त करायला निघायचे आणि चौथ्या चौकटीपर्यंत दुसरंच काहीतरी मोडून ठेवायचे. तात्यांची बायको मात्र सतरा वर्षांत एकदाही दिसली नाही. दिसायची ती तिची खिडकी, आणि खिडकीतून बाहेर आलेला बोलण्याचा फुगा. तात्या शिडीवर चढले रे चढले, की फुगा आलाच.

चित्रं चित्रकाराची, अक्षरं अण्णांची. पोटापाण्यासाठी अण्णा नकाशांच्या कचेरीत होते. नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहायचं, डोंगराचं नाव पायथ्याशी ऐसपैस पसरायचं, हे त्यांचं काम. गुरुवारी कचेरी सुटली की चित्रकाराच्या खोलीवर जायचं आणि त्या आठवड्याचे फुगे भरायचे. गल्लीतली मुलं त्यांना फुगेवाले अण्णा म्हणत. एकदा तर नव्याने राहायला आलेल्या एका शेजारणीने मुलाच्या वाढदिवसासाठी वीस फुगे सांगितले. अण्णांनी तिला तोंडघशी पाडलं नाही. बाजारातून फुगे आणले, फुगवले, आणि प्रत्येकावर त्या मुलाचं नाव झोकदार अक्षरांत लिहून पोचवले.

आता, हे फुगे थेट चित्रावर लिहायचे नसत. चित्रकाराचा कागद खरखरीत, त्यावर शाई पसरायची. शिवाय संपादकाला ऐन वेळी शब्द बदलायची खोड. म्हणून अण्णा गुळगुळीत कागदाच्या चिठ्ठीवर लिहीत, ती फुग्याच्या आकारात कातरत आणि डिंकाने चिकटवत. आज ट्रंक उघडली, तर डिंकाने कधीच राजीनामा दिलेला. वर सतरा वर्षांतल्या उरलेल्या, चार-चार चौकटींच्या ऐंशीएक पट्ट्या, बहुतेक फुगे कोरे, आणि ट्रंकेच्या तळाशी चिठ्ठ्यांचा हा एवढा ढीग.

“कुठली चिठ्ठी कुठे जायची, ते मागे लिहिलं असेल ना?” बाईंनी विचारलं.

फ्रेमवाल्याने एक उलटून पाहिली. दुसरी उलटून पाहिली. मग मान हलवली.

“आकडा टाकायला हवा होता,” अण्णा म्हणाले. “आमच्या घरातून तशी सूचना होती. सतरा वर्षं होती. ‘अहो, पाठीमागे आकडा टाकायला काय हात झिजतात का तुमचे?’”

“मग?”

“मग काय, मी म्हणायचो, मला सगळं पाठ आहे.”

बाईंनी कपाळावर हात मारला, तेव्हा त्यांना चष्मा सापडला. “अण्णा, उद्घाटनाला अकरा दिवस आहेत. निमंत्रणं गेली. आपण सगळे संवाद संगणकावर टाइप करून नव्याने चिकटवले तर? कुणाला कळायचंही नाही.”

“मला कळेल,” अण्णा म्हणाले. “आणि छापील अक्षरांत ती बोलायची नाही, बाई. तिचा आवाज तसा नाही.” एवढं बोलून त्यांनी चिठ्ठ्या एका पिशवीत भरल्या, पट्ट्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि जिना उतरायला लागले.

घरी जेवणाच्या टेबलावर सगळा संसार मांडला गेला. लेक कामावरून आली आणि दारातच थबकली.

“जेवायचं कुठे, बाबा? तुमच्या मांडीवर?”

“ओट्यापाशी उभ्याने खाऊ. तुझी आई मजुरांना जेवायला घालायची तसं.”

“मजुराला निदान दुपारची झोप असते. तुमचा हात बघा कसा थरथरतोय. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टर म्हणाले होते, हाताला विश्रांती द्या. डोक्याबद्दल काही बोलले नाहीत.”

आणि डोकं खरोखरच पळत होतं. तात्यांच्या, वाण्याच्या, पोस्टमनच्या चिठ्ठ्या चित्र बघूनच जुळत होत्या. अडत होत्या त्या खिडकीतल्या. पण अण्णा एक चिठ्ठी उचलायचे, डोळे मिटायचे, आणि चित्राकडे न बघता आपल्याच घराकडे बघायचे.

कारण खरी गंमत अशी, की पहिल्याच पट्टीत चित्रकाराने खिडकी काढली होती, फुगा काढला होता आणि आत पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बायको काहीतरी बोलते.’

“काहीतरी म्हणजे काय?” अण्णांनी तेव्हा विचारलं होतं.

“मला काय ठाऊक, नकाशे?” चित्रकार त्यांना नकाशे म्हणायचा. “मी बिनलग्नाचा माणूस. तुझी काय बोलते ते लिही.”

अण्णांनी लिहिलं. त्याच सकाळी भिंतीवर घड्याळ टांगताना ते स्टुलावर उभे होते, आणि बायको दारात, पदराला हात पुसत, मान तिरकी करून. ‘डावीकडून अर्धं बोट वर घ्या.’ घरात काहीही टांगलं, आरसा असो, दिनदर्शिका असो, की मुलीच्या शाळेतलं प्रशस्तिपत्रक, तिचं हे वाक्य ठरलेलं. अण्णा कितीही मोजून टांगोत.

रविवारी तिने पेपर वाचला. घडी घातली. पुन्हा उघडला.

“हे माझं आहे.”

“काय?”

“हे. अर्धं बोट. माझं बोलणं आता गावभर वाटणार होय तुम्ही?”

पुढचे तीन आठवडे ती इतकं मोजून मापून बोलली, की अण्णांची उपासमार झाली. ‘जेवण वाढलंय.’ ‘पाणी आलंय.’ यातून काय फुगा भरायचा, कप्पाळ? चौथ्या गुरुवारी तिलाच राहवेना. डबा हातात देताना दुसरीकडेच बघत म्हणाली, “ते परवाचं, छत्रीबद्दलचं, टाकलंत तरी चालेल. मावेल ना फुग्यात?”

तेव्हापासून ती या धंद्यात भागीदार झाली. भांडताना मध्येच थांबून म्हणायची, “हे नको हं, हे घरातलं.” आणि एखादं वाक्य फर्मास जमलं, की रागातसुद्धा ओठांचा कोपरा हलायचा. चित्रकाराला वाटत राहिलं, नकाशे लिहितो. वाचकांना वाटलं, चित्रकार लिहितो. तिला कशाचंच काही वाटलं नाही. रविवारी सकाळी दोघं एकाच पेपरवर डोकं घालून बसायची आणि ती म्हणायची, “बरी बोललेय.”

तेव्हा चिठ्ठ्या जुळवायला अण्णांना आकडे कशाला लागतात? ‘नळ झाला ना दुरुस्त? मग आता अंघोळ छताखाली उभं राहून करायची का?’ हा पावसाळ्याआधीचा आठवडा, वरच्यांची टाकी फुटली तो. ‘माझ्या भावासमोर तरी खाली उतरा’ हे तिचा भाऊ राहायला आला होता तेव्हाचं. ‘पडलात तर हाक मारू नका, मी कामात आहे’ म्हणजे मुलीची बारावीची परीक्षा. घरात कुणी मोठ्याने शिंकायचंही नाही असा हुकूम होता.

लेक अण्णांचं हे सांगणं हातातलं ताट विसरून ऐकत उभी राहिली. “मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं बोलतात,” ती म्हणाली. “मग मैत्रिणींच्या घरी गेले तर तिथल्या आया नुसतं ‘या बसा’ म्हणायच्या. मला त्यांची दयाच आली.”

सातव्या दिवशी एकोणऐंशी पट्ट्या पुऱ्या झाल्या. अण्णांनी गठ्ठा तीनदा चाळला. एक पट्टी त्यात नव्हतीच. आणि कुठली, ते त्यांना चाळण्याआधीच कळलं होतं.

बायको दवाखान्यात होती तेव्हाची. बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली आणि त्यानंतर शुद्धीवर आली नाही. गुरुवारी चित्रकार पट्टी घेऊन थेट दवाखान्यात आला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून, मांडीवर फळी घेऊन अण्णांनी तीन फुगे भरले. चौथा खिडकीचा. निब शाईत बुडवली, चिठ्ठीवर टेकवली, उचलली. पुन्हा बुडवली. जुनं काहीतरी आठवून लिहिता आलं असतं, सतरा वर्षांत कमी बोलली होती का ती? पण ती त्या आठवड्यात बोलली नव्हती, आणि न बोललेलं तिच्या तोंडी घालायला हात धजेना.

“राहू दे,” चित्रकार म्हणाला. “आज ती बोलत नाही.”

रविवारी पट्टी तशीच छापून आली. तात्या शिडीवर, मान वळवून खिडकीकडे बघतायत, आणि खिडकीतून कोरा फुगा. लोक पोट धरून हसले. बायकोने अबोला धरला म्हणून पत्रांचा पाऊस पडला. सोमवारी ती गेली. त्यानंतर चित्रकाराने पाच रविवार खिडकी काढली ती बंद, आणि मग मालिकाच थांबवली. कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, अण्णांनीही नाही.

ती पट्टी ट्रंकेत नव्हती. मित्राने आठवणीने बाजूला काढली असणार, असं अण्णांनी मनाशी धरलं, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. सगळं भिंतीवर लागो. तेवढं एक नको. तेवढं त्यांचं आणि तिचं होतं.

आठव्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे दाढी करायला गेले. न्हाव्याने गळ्याला कापड बांधलं, दोन्ही गालांना साबण फासला, एका गालावर वस्तरा फिरवला. अण्णांचं लक्ष आरशात गेलं. मागच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवलेला, आरशात उलटा दिसत होता. अक्षरं उलटी होती, पण शिडी ती शिडीच, आणि खिडकी ती खिडकीच.

अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत वळले.

‘तात्यांची बायको काय म्हणतेय? फुगा तुम्ही भरा! चिठ्ठी वाचनालयाच्या पेटीत टाका. निवडक चिठ्ठी मूळ चित्रात लावली जाईल.’

“लागलेत सगळीकडे,” न्हावी कौतुकाने म्हणाला. “बसथांब्यावर, दवाखान्यात, लाँड्रीत. बाईंनी धडाकाच लावलाय. मी पण टाकली चिठ्ठी. ‘आधी दाढी करून या, मग शिडी चढा.’ कशी आहे? अण्णा? अहो अण्णा, दुसरा गाल राहिला!”

पण अण्णा रस्त्यावर पोचले होते. गळ्यात कापड, एका गालावर पांढरा फेस, अशा थाटात ते भर बाजारातून निघाले. वाटेत तीन ठिकाणी त्यांना तीच खिडकी भेटली. वाचनालयाचा जिना त्यांनी कठडा न धरता चढला.

बाई शिडीखाली उभ्या राहून फ्रेमवाल्याला सूचना देत होत्या. “अण्णा! तुमच्या गालाला–”

“गाल राहू द्या. ती पट्टी तुमच्याकडे कुठून आली?”

“ट्रंकेतूनच. सगळ्यात वर होती, तुम्ही यायच्या आधीच मी काढून ठेवली. तीन चिठ्ठ्या टिकून होत्या, एकच पडलेली. मला वाटलं, जाहिरातीला यासारखं चित्र नाही. त्याच दिवशी छापखान्यात नेली. तुम्हाला एकदम चकित करायचं होतं...” बाईंचा आवाज बारीक होत गेला.

“पडलेली नाही. ती चिठ्ठी लिहिलेलीच नव्हती.”

आणि इतकी वर्षं न सांगितलेलं अण्णांनी उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगून टाकलं. फ्रेमवाला शिडीवरच बसला. बाईंनी टेबलावरची लाकडी पेटी उचलून अण्णांसमोर ठेवली.

“यात लोकांच्या चिठ्ठ्या आहेत. अजून कुणी उघडली नाही. जाळा, फेका, तुमची मर्जी. दीडशे कागद लावून घेतलेत मी. संध्याकाळपर्यंत सगळे काढते. दुसऱ्याला नाही पाठवत, स्वतः काढते.” पाण्याची बादली आणि खरवडायची पट्टी घेऊन त्या गेल्यासुद्धा.

अण्णा खुर्चीवर बसले. गालावरचा फेस वाळून ओढायला लागला होता. जाळायची तर निदान बघून जाळावी म्हणून त्यांनी पेटी उपडी केली.

‘चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा तुमच्या डोक्यावर ओतीन.’ ‘खाली उतरा, माणसं बघतायत.’ ‘तुमच्या आईचा फोन होता. वरूनच बोला, रेंज चांगली येईल.’ एक चिठ्ठी मोठाल्या वेड्यावाकड्या अक्षरांत: ‘बाबा पडा ना एकदा.’ अण्णांच्या घशातून हसू आलं, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. प्रत्येक चिठ्ठीत कुणीतरी आपल्या घरातलं बोलणं आणून ठेवलं होतं. कुणाकुणाच्या खिडक्या, कुणाकुणाची दारं. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडायला घेतल्या. सवयीचा हात.

पेटीच्या तळाला दवाखान्याच्या पावतीमागे लिहिलेली एक होती. सही नाही. ‘आमची हल्ली बोलत नाही. आजारी असते. तात्यांना म्हणावं, तिने काहीही म्हटलं तरी चालेल.’

अण्णांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग गळ्यातलं न्हाव्याचं कापड सोडून त्याने तोंड पुसलं आणि जिना उतरले.

बाई बसथांब्यावर सापडल्या. स्टुलावर उभ्या, बाह्या वर केलेल्या, नाकाचा शेंडा लाल. कागदाचा एक कोपरा कसाबसा सुटला होता.

“खाली उतरा बाई,” अण्णा म्हणाले. “माणसं बघतायत.”

बाईंनी वळून पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर खुंट. “चार काढलेत,” त्या म्हणाल्या. “काढते, अण्णा. चांगली खळ लावलीय मेल्यांनी, तुमच्या डिंकासारखी नाही.”

“राहू द्या ते. लोकांना चिठ्ठ्या टाकू द्या. पट्टीही लावू भिंतीवर. पण माझ्या दोन अटी. फुगा कोराच राहील. त्यात कुणी काही घालायचं नाही, मीही नाही.”

“आणि दुसरी?”

“या सगळ्या चिठ्ठ्या त्या पट्टीभोवती लावायच्या. एकही गाळायची नाही. आणि अक्षर माझं. इतक्या लोकांच्या बायका टाइपात बोलणार नाहीत.”

उरलेले तीन दिवस जेवणाचं टेबल पुन्हा गेलं. एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या. हात कापत होता. पहिल्या काही ओळी बघून अण्णांनी पेन ठेवून दिलं. लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “नदीसारखं लिहा ना बाबा. नदी कुठे सरळ असते?” मग थरथर येईल तिथे अक्षर वळवत, उताराला सोडत, त्यांनी एकेक चिठ्ठी लिहिली. लेकीने कातरली. आणि या वेळी, बरं का, प्रत्येकीच्या पाठीमागे आकडा टाकला.

उद्घाटनाला जिन्यात रांग लागली. शिवणाच्या वर्गाला येणाऱ्या बायका आता आज्या होऊन आल्या. तात्यांच्या पट्ट्या कापून वह्यांत चिकटवलेले लोक त्या वह्या घेऊनच आले. न्हावी आपली चिठ्ठी शोधून काढून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता, “सुवाच्य आहे की नाही? माझी आहे.” बाईंनी भाषणात सांगितलं की खिडकीतली सगळी वाक्यं कुणाची होती. कोऱ्या फुग्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. तसं ठरलं होतं. लोकांनी लेकीकडे बघून टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ बराच वेळ एकाच चिठ्ठीसमोर उभे होते. अण्णांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली, नाव विचारलं नाही.

संध्याकाळ झाली, गर्दी ओसरली. लेक खाली चपला शोधत होती. फ्रेमवाला दिवे मालवत मालवत त्यांच्यापाशी आला आणि थांबला. अण्णा कोऱ्या फुग्यासमोर उभे होते, भोवती एकशे त्रेसष्ट घरांचं बोलणं. बाईही येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बराच धीर केला असावा.

“अण्णा, विचारू नये, पण आज त्या इथे असत्या, तर काय म्हणाल्या असत्या हो?”

अण्णा दोन पावलं मागे गेले. दारात उभं राहावं तसे उभे राहिले आणि मान तिरकी करून फ्रेमकडे बघत राहिले.

“मोजून लावलीय मी,” फ्रेमवाला आधीच म्हणाला. “पाण्याची पट्टी ठेवून. बुडबुडा बरोबर मधोमध होता.”

“तुझा बुडबुडा असेल रे मधोमध,” अण्णा म्हणाले. “डावीकडून अर्धं बोट वर घे.”